हँगर हलवला म्हणून खोटा ठरत नाही

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या वास्तूंच्या जतनावरचा लेख दोनदा वाचला. मनापासून लिहिलेला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण 'मूळ जागेवरून हलली की वास्तूचं सत्त्व गेलं, मग उरते ती नुसती सजावट' हे त्यातलं वाक्य काही केल्या गळी उतरेना. लेखकाने ते वाडे, देवळं, घाट यांच्याबाबत लिहिलं असावं. तिथे ते पुष्कळसं बरोबरही असेल. मी मात्र सदतीस वर्षं सांताक्रूझला विमानांच्या हँगरमध्ये काढलेला माणूस आहे. त्यामुळे वास्तू म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी पत्र्याची शेड येते.

मागच्या मे महिन्यात आम्ही दोघं मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो. ती वोकिंगला राहते. तिथून लंडनकडे जाणाऱ्या लोकलने (तिथे लोकल म्हणत नाहीत, पण मी म्हणतो) वेब्रिज अगदी जवळ. स्टेशनपासून चालत गेलं की ब्रुकलँड्सचं संग्रहालय लागतं. जावई म्हणाला, 'बाबा, तुमच्या लाइनचं आहे, जाऊन या.' आम्ही सकाळी डबा घेऊन गेलो ते संध्याकाळी बंद करायची वेळ झाली तेव्हा बाहेर पडलो.

आधी जागेचा इतिहास थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचा मुद्दा कळणार नाही. ह्यू लॉक किंग नावाच्या एका जमीनदाराने 1907 साली आपल्या जमिनीवर मोटारींच्या शर्यतीसाठी काँक्रीटचा रस्ता बांधला. सव्वादोन-अडीच नव्हे, पावणेतीन मैलांचा. वळणांवर सरळ भिंतीसारखा वर चढत गेलेला. मुद्दाम मोटारशर्यतीसाठी बांधलेला हा जगातला पहिला रस्ता. त्यापायी नवरा कर्जात बुडाला आणि पुढचा सगळा व्यवहार बायकोने, एथेलबाईंनी, सावरला. जागा मोकळी आणि सपाट, म्हणून विमानं उडवू पाहणारी मंडळीही तिथेच गोळा झाली. पहिल्या महायुद्धात, 1915 साली, विकर्स कंपनीने तिथे विमानांचा कारखाना घेतला. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि शर्यती कायमच्या थांबल्या. आता तिथे फक्त विमानं बनणार होती.

विकर्सचं विमान म्हणजे वेलिंग्टन बॉम्बर. एकूण साडेअकरा हजारांच्या आसपास बनली, त्यांतली अडीच हजारांवर या एका ठिकाणी. इतकी विमानं जोडायला छप्पर पुरेना, तेव्हा 1940 साली शर्यतीचा शेवटचा सरळ पट्टा, जिथे गाड्या पूर्ण वेगाने निशाणीपाशी येत, त्याच्याच डोक्यावर एक हँगर ठोकून दिला. शर्यत गेली खड्ड्यात, आधी लढाई. त्या वेळी तेच बरोबर होतं. त्याच वर्षी 4 सप्टेंबरला भरदुपारी कारखान्यावर बॉम्ब पडले आणि ऐंशीहून जास्त कामगार मेले. तेव्हा असली शेड कुठे उभी करावी याची चर्चा करत बसायला कोणाला सवड असणार?

आता त्या हँगरबद्दल. त्याला बेलमन हँगर म्हणतात. बेलमन हे हवाई खात्यातल्या एका इंजिनियरचं नाव. 1936 साली त्याला सांगितलं गेलं की असा हँगर हवा जो कुठेही नेऊन उभा करता येईल, काम झालं की खोलता येईल, आणि तेही अडाणी हेल्परांच्या हातून, साध्या अवजारांनी. त्याने सारख्याच मापाचे लोखंडी जाळीचे तुकडे केले, नट-बोल्टनी जोडायचे. भिंत आणि छप्पर एकाच नमुन्याच्या सांगाड्याचं. हिशेब असा होता की बारा माणसांनी पाचशे मनुष्यतासांत हँगर उभा करावा. जमीन सपाट करणं, दारांचे रूळ टाकणं यासकट. आमच्या भाषेत सांगायचं तर आठ तासांच्या पाच-सहा पाळ्या. पंचाण्णव फूट रुंद आणि पावणेदोनशे फूट लांब हँगर! डोंबिवलीत गणपतीचा मांडव घालायला याहून जास्त दिवस लागतात, आणि त्यात पोलीस परवानगीचे दिवस मी धरलेले नाहीत.

थोडक्यात, ही वस्तू मुळातच हलवण्यासाठी जन्माला आली. तात्पुरती म्हणून उभी केली आणि पंचाहत्तर वर्षं तिथेच राहिली. (तात्पुरती शेड कायमची होणं हे फक्त आपल्याकडेच होतं अशी माझी समजूत होती. ती दूर झाली.)

संग्रहालयापुढे पेच असा होता. हँगर गंजत चालला होता. त्याच्या खाली 1907 सालच्या शर्यतीचा शेवटचा पट्टा गाडला गेला होता. हँगर जागेवर ठेवावा तर पट्टा मुका. पट्टा मोकळा करावा तर हँगर जातो. दोन्ही खरे, दोन्ही जुने, आणि एक दुसऱ्याच्या छातीवर बसलेला. आपल्या लेखातल्या नियमाप्रमाणे गेलं असतं तर हँगर हलवणं म्हणजे पाप. त्यांनी तो खोलला. दुरुस्त केला आणि शेजारी पुन्हा उभा केला. लॉटरीच्या पैशातून वारसा जतनाला मदत करणाऱ्या तिथल्या निधीने जवळपास 47 लाख पौंड दिले. 2017 साली काम पुरं झालं. आज हँगरही आहे आणि पट्ट्यावरून जुन्या गाड्या धावतातही.

मी त्या पट्ट्यावर उकिडवा बसून काँक्रीटवरून हात फिरवला. बायको म्हणाली, 'लोक बघतायत.' बघू देत. ते काँक्रीट आपल्या गच्चीच्या कोब्यासारखं गुळगुळीत नाही. खडी वर आलेली, ठिकठिकाणी ठिगळं. यावरून ताशी शंभर मैलांच्या पुढे गाडी नेणाऱ्यांच्या दातांचं काय होत असेल कोण जाणे.

हँगरमध्ये शिरताना आधी हजेरीचं घड्याळ. कार्ड घालायचं, खट्ट, वेळ छापली जाते, आणि मग तुम्ही कामगार. या एका 'खट्ट'ने मला जे झालं ते सांगण्यासारखं नाही. आमच्या टाइम ऑफिसातलं घड्याळ असंच वाजायचं. तीन मिनिटं उशीर झाला की लाल शाई. आमच्या फोरमनने लाल शाईबद्दल काय काय ऐकवलं असेल ते छापण्याजोगं नाही.

आत विमान बनवण्याचे विभाग मांडलेत. नकाशे, लाकूडकाम, पत्राकाम, कापड. वेलिंग्टनचं अंग कापडाचं होतं हे आजच्या मुलांना खरं वाटत नाही. सांगाडा ड्युरल्युमिन या हलक्या मिश्रधातूच्या पट्ट्यांचा, तिरक्या एकमेकींत विणलेल्या; बार्न्स वॉलिस या इंजिनियरची ती कल्पना. कोकणात भाताची कणगी ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं समजावून सांगायला नको. कणगीच्या दोन-चार कामट्या तुटल्या तरी ती ढासळत नाही, भार शेजारच्या कामट्या वाटून घेतात. तसंच हे. तोफेच्या गोळ्याने अंगाला खिडकीएवढं भोक पडूनही ही विमानं घरी परत येत. त्या सांगाड्यावर लिननचं कापड चढवायचं आणि वर डोप नावाचं रसायन फासायचं, की कापड पखवाजाच्या पुडीसारखं ताणलं जातं. युद्धात पुरुष लढायला गेल्यावर हे शिवणकाम बायकांनी केलं.

तिथे सांगाड्याचा एक तुकडा आणि सुईदोरा ठेवला होता, येणाऱ्याने टाके घालून पाहावेत म्हणून. माझ्या बायकोने आयुष्यभर गोधड्या शिवल्या आहेत. तिने चष्मा नाकावर सरकवला, दोरा हातात घेऊन बोटांत चोळला आणि मला म्हणाली, 'याला मेण नाहीये. मेण न लावता शिवलं तर दोरा कापड कापत जातो.' मी ते तिथल्या म्हाताऱ्या स्वयंसेवकाला इंग्रजीत सांगितलं. तो हसला. म्हणाला, खऱ्या कामाला मेणाचाच दोरा असे. इथे मुलांच्या हातांना चिकटतो म्हणून साधा ठेवलाय. मग बायकोने सहा टाके घातले. सहाही एका मापाचे. शेजारचे सगळे टाके हौशी लोकांचे, वाकडेतिकडे. तिचे उठून दिसत होते. तिने मोबाइलवर फोटो काढायला लावला आणि तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अजून फिरतोय.

त्या स्वयंसेवकाने मग माझ्या हातांकडे पाहिलं. रिव्हेट (पत्रे जोडणारी धातूची खिळी) मारणाऱ्याचे हात रिव्हेट मारणाऱ्याला कळतात. तो विकर्समध्ये व्हीसी-10 विमानांवर काम केलेला निघाला. कारखाना ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बंद पडला, पण हा अजून येतो, आठवड्यातून एक दिवस, बिनपगारी. मी त्याला सांगितलं की मी नोकरीला लागलो 1969 साली, तेव्हा आमच्याकडे व्हायकाउंट विमानं अजून उडत होती. व्हायकाउंटची आखणी याच जागी, याच लोकांनी केलेली. मोठ्या लंबगोल खिडक्या, चार डार्ट इंजिनं, आणि कानात शिट्टीसारखा घुसणारा आवाज. एक व्हायकाउंट तिथे बाहेर उभंही आहे. ते नाव निघाल्यावर त्याने दोन पत्रे घेतले आणि मला डॉली दिली.

डॉली म्हणजे काय ते सांगायला हवं. रिव्हेट दोन माणसांचं काम असतं. एक जण बाहेरून गनने ठोकतो, दुसरा आतून लोखंडाचा ठोकळा दाबून धरतो, त्या ठोकळ्यावर रिव्हेटचं शेपूट चपटं होतं. तो ठोकळा म्हणजे डॉली. गन धरणाऱ्याचं नाव होतं. काम डॉलीवाल्यावर असतं. डॉली जरा तिरकी झाली की डोकं तिरकं, की तो रिव्हेट ड्रिल करून काढा. चांगलं डोकं रिव्हेटच्या दांड्याच्या जाडीच्या दीडपट रुंद आणि त्या जाडीच्या निम्म्या उंचीचं असावं असा नियम आहे. गेज असतं त्याला. पण जुना माणूस अंगठा फिरवून सांगतो. आम्ही तीन रिव्हेट मारले. त्याने गेज काढलंच नाही, अंगठा फिरवला. मग मी फिरवला. तिसरा जरा कमी होता. दोघांनीही मान हलवली.

आता मला विचारा, त्या वेळी तो हँगर 'मूळ जागेपासून' काही अंतरावर होता, म्हणून खोटा होता का?

खटकलं काही नाही असं नाही. जमीन फार स्वच्छ आहे. आमच्या हँगरच्या जमिनीवर तेलाचे असे थर असत की पावसाळ्यात पाय घसरून माणसं महिनाभर घरी बसली आहेत. डोपचा वास नाही. तो वास, पिकून काळ्या पडलेल्या केळ्यासारखा आणि मागून थिनरसारखा चढणारा, ज्याच्या नाकात एकदा बसला तो विसरत नाही. आरोग्याच्या नियमांमुळे आणता येत नसणार, हे समजतं. तरी डोपशिवाय कापडी विमानाचा कारखाना म्हणजे फोडणीशिवाय आमटी. पण हे दोष हँगर हलवल्याचे नाहीत. जागेवर ठेवला असता तरी जमीन पुसलीच असती.

आत एक खरं वेलिंग्टनही आहे, इथेच बनलेलं. 1940 सालच्या शेवटच्या दिवशी ते स्कॉटलंडमधल्या लॉक नेस सरोवरात उतरवावं लागलं, पंचेचाळीस वर्षं तळाशी पडून होतं आणि 1985 साली वर काढलं. त्याचं अंग पूर्ण झाकलेलं नाही, सांगाडा दिसतो. काही पट्ट्या पाण्याने खाल्लेल्या, काही नव्या. नव्या कुठल्या ते लपवलेलं नाही. मला हे आवडलं. जुन्याला जुनं आणि नव्याला नवं दिसू द्यायचं. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणजे वरून ऑइलपेंट, हा हिशेब असतो.

आता घरचं सांगतो. नव्वदच्या दशकात आमच्या ओळखीच्या एका आवारात युद्धाच्या काळातली अशीच एक बोल्टची शेड होती. बेलमन होती की दुसऱ्या कुठल्या जातीची, तेव्हा मला नावं ठाऊक नव्हती. जागा मोकळी करायची म्हणून ती पाडायची ठरली. मी आणि दोन सहकारी गेलो. म्हटलं, पाडू नका, खोलू द्या. चार रविवार आम्ही फुकट येतो, पाने आमचे. तुकडे नंबर घालून एका कोपऱ्यात रचून ठेवतो, पुढे कोणाला तरी उपयोगी पडतील. साहेब म्हणाले, 'भंगार हवंय का तुम्हाला? मग टेंडर भरा.' दोन दिवसांत गॅसकटरने तिचे तुकडे झाले. गॅसकटरला बोल्ट दिसत नाही. तो जिथे हात पोचेल तिथे कापतो.

जळलेल्या ढिगातून मी एक बोल्ट उचलून आणला. नट त्यावर तसाच. घरी आणून केरोसीनमध्ये रात्रभर ठेवला, सकाळी पाना लावला. दुसऱ्या झटक्याला नट फिरला. पन्नास वर्षांनी! म्हणजे ती शेड खरंच खोलता आली असती. ती तशीच बनवली होती. कोणीतरी कुठल्यातरी कारखान्यात बसून विचार केला होता की उद्या हे सोडवावं लागेल, आणि आम्ही त्या विचाराला गॅसकटर लावला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की 'हलवू नये' हा सरसकट नियम नको. ज्या वस्तूची जोडणी सोडवता येते, तिच्या बाबतीत सोडवणं आणि पुन्हा जोडणं हेच जतन. आमच्या चिपळूणकडच्या घराचे अर्धे वासे आजोबांनी दुसऱ्या गावच्या मोडलेल्या घरातून आणले होते. सुताराने केलेल्या खुणा त्यांवर होत्या, कुठला वासा कुठे बसतो याच्या. त्या घराला कोणी खोटं म्हटलं नाही.

जाता जाता एक सूचना. जुहूच्या विमानतळाची गोष्ट आपण दर ऑक्टोबरमध्ये छापता. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जेआरडी टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन पस मॉथ विमान जुहूला उतरवलं, ती. फोटोही तोच असतो. पण त्या वेळचा जुहू कसा होता हे लिहून येत नाही. चिखलाची सपाटी, भरतीला पाण्याखाली जाणारी. कचेरी म्हणजे माडाच्या झावळ्यांचं छप्पर. पावसाळ्यात सगळं बिऱ्हाड उचलून पुण्याला, येरवड्याच्या तुरुंगाशेजारच्या मैदानावर. टाटांची टपालाची विमानसेवा झावळ्यांखाली सुरू झाली! त्या छपरातलं आज काही उरलेलं असणं शक्यच नाही, झावळ्या दोन पावसाळे टिकतात. पण कोणाच्या मनात आलं आणि जुहूला किंवा आणखी कुठे ती शाकारणी पुन्हा केली, तर ती दर वर्षी मे महिन्यात नव्याने करावी लागेल. किनाऱ्यावर अजून झावळ्या विणणारी माणसं आहेत. दर वर्षी त्यांना बोलवावं, शाळेतल्या मुलांना समोर बसवावं, विणू द्यावं. माझ्या मते हे काम काचेच्या पेटीतल्या विमानाच्या प्रतिकृतीपेक्षा स्वस्त पडेल. आणि कोणी तज्ज्ञ येऊन म्हणालाच की यातली एकही झावळी मूळची नाही, तर त्याला सांगावं की 1933 साली सुद्धा नव्हती.

लेखात 'हँगर'ला एका ठिकाणी 'विमानगृह' म्हटलं आहे. हँगरच राहू द्या. आम्ही कोणी कधी विमानगृहात कामाला गेलो नाही.

लेखकमहाशयांना तो बोल्ट पाहायचा असेल तर आपल्या कचेरीत आणून दाखवीन. नट अजूनही हाताने फिरतो, मी दर दिवाळीला तेल घालतो. फक्त परत हवा.

आपला,
एक जुना वाचक
(निवृत्त विमान तंत्रज्ञ, डोंबिवली पूर्व)